धाकट्या भावंडासकट शाळा

दिवाळी आटोपली की वसई तालुक्याच्या पूर्वेकडचे पाडे रिते होऊ लागतात. पारोळ, शिरवली, भाताणे, सकवार या पट्ट्यातली वारली, कातकरी कुटुंबं बयाणा घेऊन वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर काम अंधार असतानाच सुरू होतं. आईबाप विटा थापायला बसले की धाकट्याला सांभाळायची जबाबदारी सात-आठ वर्षांच्या बहिणीवर येते. तिची शाळा बुडते, याची निदान चर्चा होते. शाळेतल्या-अंगणवाडीतल्या ओळखीच्या बाई, खेळगडी आणि रोजचा ठरलेला दिवस हेही त्या दोघांच्या हातून एकदमच सुटतं, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

मुलाच्या घडणीत या गोष्टींना मोठं मोल आहे. रडू का आलं ते सांगता येणं, राग आला तरी हात न उगारणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, दुसऱ्याला लागलं तर ते कळणं, हे सगळं मूल शिकतं ते माणसांत राहून. त्यासाठी त्याला रोज भेटणारं, नावानं हाक मारणारं मोठं माणूस लागतं, बरोबरीची मुलं लागतात आणि आता पुढे काय होणार हे ठाऊक असलेला दिवस लागतो. मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षाआधी होते, असं 2020चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. म्हणजे भट्टीवर गेलेले तीन-चार हंगाम हे मुलाच्या आयुष्यातले सर्वांत नाजूक हंगाम असतात.

याचं उत्तर शोधायला पालघर जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. विरारहून डहाणूच्या पुढे गेलं की घोलवड लागतं. तिथून जवळच्या बोर्डीत ताराबाई मोडक यांनी 1945मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं होतं. शहरातल्या मुलांना मिळणारं हे शिक्षण खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला का मिळू नये, हा प्रश्न घेऊन त्या इथे आल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि 1957मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेलं.

सुरुवातीला बालवाडी उघडली तरी गरीब वस्तीतली मुलं येईनात. तेव्हा दोघींनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शंख-शिंपले, पानं, माती हीच साधनं झाली. मोठी बहीण धाकट्याला टाकून येऊ शकत नाही हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली. या एकत्र रचनेला विकासवाडी हे नाव मिळालं. बहिणीला शिकण्यासाठी भावाला विसरावं लागलं नाही आणि भावालाही बहीण नजरेच्या टप्प्यात राहिली. मुलाच्या मायेच्या माणसाला शाळेनं अडथळा मानलं नाही, सोबत घेतलं. कोसबाडचा सर्वांत मोठा धडा मला हाच वाटतो. सरकारी योजना मात्र बरीच नंतर आली: केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975ला सुरू झाली. आज गावोगावी दिसणारी अंगणवाडी याच योजनेची.

मुलाच्या दारी शाळा नेण्याची ही वाट पुढे वीटभट्टीपर्यंतही गेली. वसई तालुक्यातल्या उसगावच्या विधायक संसद या संस्थेनं नव्वदच्या दशकात भट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या. भोंगा म्हणजे मजुरांची भट्टीवरची झोपडी. मूल जिथे राहतं तिथेच वर्ग भरवायचा, ही त्यामागची दृष्टी.

आता नोंदींची व्यवस्था आधीपेक्षा बरी आहे. स्थलांतर करणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षण हमी कार्ड मिळतं, आणि स्थलांतरित माता-बालकांची नोंद ठेवणारी प्रणाली राज्याच्या महिला व बालविकास विभागानं उभी केली आहे. पण कार्डानं पट सांभाळला जातो. मुलाला सांभाळायला माणूस लागतं. म्हणून प्रत्येक हंगामात तीन कामं व्हायला हवीत. कुटुंब निघण्याआधी गावच्या अंगणवाडी सेविकेनं भट्टीजवळच्या सेविकेला फोन करून मुलाचं नाव, त्याची सवय, त्याची भीती सांगावी. भट्टी अंगणवाडीपासून लांब असेल तर सेविका किंवा मदतनीस रोज ठरल्या वेळी तिथे पोहोचेल, अशी सोय शासनानं करावी आणि त्याचा मोबदलाही द्यावा. आणि भट्टीमालकानं सावलीची, पाण्याची, मुलांना बसता-खेळता येईल अशी जागा राखावी.

भाषेचाही विचार हवा. घरी वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी पुस्तकी मराठीत प्रश्न विचारला तर ते गप्प बसतं, आणि गप्प मुलाला आपण मठ्ठ ठरवून मोकळे होतो. त्याच्या बोलीत नाव विचारलं, पाड्यावरचं गाणं म्हणू दिलं, तर त्याची भीड लवकर चेपते. भांडण झालं तर शिक्षेआधी दोघांचं ऐकून घ्यावं. रडणाऱ्याला ‘गप्प बस’ म्हणण्याऐवजी ‘काय झालं?’ असं विचारावं. याला पैसा लागत नाही, मात्र सेविकेला तेवढी उसंत लागते. रजिस्टरं आणि मोबाइलवरच्या नोंदी भरण्यात तिचा दिवस जात असेल, तर मुलाजवळ बसायला ती वेळ कुठून आणणार?

ताराबाई-अनुताईंनी हे काम सुरू केलं तेव्हा त्यांच्याजवळ ना योजना होती ना सरकारी अंगणवाडी. आज दोन्ही आहेत. येत्या दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याला रोज भेटणाऱ्या एका मोठ्या माणसाचं नाव लिहिलेलं असावं, एवढी मागणी वसईकरांनी आपल्या ग्रामसभेत आणि पंचायत समितीत नेटानं लावून धरायला हवी.