भिंत, कोळी आणि भिंग

पुंडलिकनगरातल्या आमच्या गच्चीच्या कठड्यावर सकाळचे ऊन पडले की एक पाहुणा हमखास येतो. लांबी जेमतेम पाच मिलिमीटर. तो भक्ष्य पकडायला जाळे विणत नाही; दबा धरतो आणि झेप घेतो. हा उड्या मारणारा कोळी. त्याच्या आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे असतात. कोळ्याचे कुल ओळखायला डोळ्यांची ही मांडणी फार उपयोगी पडते, म्हणून फोटोत डोळे स्वच्छ यायला हवेत. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या अशाच एका नव्या जातीला २०२१ साली ‘आयसियस तुकारामी’ हे नाव मिळाले. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात वीरमरण आलेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ.

मी हौसेने ६० मिलिमीटर नाभीय अंतराचे मॅक्रो भिंग विकत आणले. ‘हे वस्तूएवढीच प्रतिमा देते,’ असे दुकानदार म्हणाला, आणि ते खरे होते. पण जवळ जावे तर भिंगाची सावली कोळ्यावर पडे, आणि बटण दाबेपर्यंत स्वारी कठड्यापलीकडे! आठवडाभर रिकाम्या कठड्याचे फोटो जमले. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने खरेदीपूर्वी एक आकृती काढायला काय हरकत होती?

ती आता काढू. बहिर्वक्र भिंगापासून वस्तू नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर ठेवली, की पलीकडे तेवढ्याच अंतरावर तेवढ्याच आकाराची प्रतिमा मिळते, हे तुम्ही दहावीत शिकता. छायाचित्रकार यालाच १:१ म्हणतात. म्हणजे ६० मिलिमीटरच्या भिंगाला कोळी १२ सेंटिमीटरवर हवा, १०० मिलिमीटरच्या भिंगाला २० सेंटिमीटरवर. प्रतिमा दोन्हीकडे पाचच मिलिमीटर! शिवाय ही अंतरे भिंगाच्या मध्यापासूनची. त्यातले बरेचसे नळी खाऊन टाकते. प्रत्यक्षात पहिल्या भिंगापुढे सुमारे ५ सेंटिमीटर जागा उरते, दुसऱ्यापुढे १३ ते १५. (आजच्या भिंगांत आतल्या काचा सरकून नाभीय अंतर थोडे घटते, त्यामुळे आकृती आणि मोजपट्टी तंतोतंत जुळत नाहीत.) लांब भिंगाला जास्त पैसे मोजतो ते मुख्यतः या मोकळ्या जागेसाठी. तिच्यातूनच ऊन कोळ्यापर्यंत पोचते.

प्रकाशाची तंगी तरीही असतेच. दूरच्या डोंगराची प्रतिमा भिंगामागे नाभीय अंतरावर पडते, १:१ ची त्याच्या दुप्पट अंतरावर. अंतर दुप्पट, म्हणून उजेड चौथाई. त्यात स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोलीही तुटपुंजी: ३६ × २४ मिलिमीटरच्या चौकटीत छिद्र एफ ८ ठेवले तर अवघी एक मिलिमीटर. डोळे स्पष्ट, तर मागचे पाय धूसर. एफ १६ केले तर खोली दुप्पट होते, पण उजेड आणखी चौथाईवर येतो. शिवाय छिद्र फार बारीक केले की विवर्तनामुळे सगळेच चित्र किंचित मऊ पडते. कोळ्याच्या एका बाजूला पांढरा कागद धरला तर फुकटात बराच उजेड मिळतो.

मग माझे ६० मिलिमीटरचे भिंग वाया गेले का? मुळीच नाही. आपल्या शहराच्या हिमरूचे रेशमी-सुती विणकाम टिपायला ते उत्तम. कापड पळून जात नाही! १९५६ साली निकॉनने ‘मायक्रो-निक्कोर’ भिंग काढले तेही मायक्रोफिल्मवर कागदपत्रे उतरवण्यासाठी. सपाट पान कडेपर्यंत रेखीव यावे हा त्यामागचा हेतू होता. साध्या भिंगाची घडण दूरच्या वस्तूंसाठी असते. जवळ नेले की त्याच्या कडा बिघडतात.

शाळेच्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचे साधे भिंग असेल, तर मध्ये ५० मिलिमीटरची पोकळ नळी बसवली की १:१ मिळते. नळीत काच नसते, म्हणून ती स्वस्त. नाणी, बिया, पानांच्या शिरा यांसाठी मी तुम्हाला हीच सुचवीन. महागडे भिंग आधी कोणाकडून उसने आणून पाहावे.

मीही तेच केले. सहकाऱ्याचे १०० मिलिमीटरचे भिंग आणले आणि तिसऱ्या सकाळी समोरच्या ओळीतले चार डोळे मिळाले. उरलेले चार डोक्याच्या वरच्या बाजूला, मागे असतात. त्यांच्यासाठी आता कठड्यावर वरून वाकायचे आहे, आणि सावली मात्र पडू द्यायची नाही.