कंपवात: नावातच फसगत

चहाचा कप बशीवर किणकिणायला लागला की घरातले धास्तावतात: कंपवात तर नव्हे? त्याच घरात दुसरं कोणी पाय ओढत चालतं, शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं घेतं. त्यांच्याबद्दल मात्र ‘वय झालं’ एवढंच म्हटलं जातं. प्रत्यक्षात कपवाल्यांना बहुधा कंपवात नसतो आणि बटणवाल्यांना तो असू शकतो.

ही फसगत नावामुळे होते, आणि ती जुनी आहे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन ‘शेकिंग पाल्सी’, म्हणजे थरथरता पक्षाघात, या नावाने केलं. पुढे पॅरिसचे न्यूरोलॉजिस्ट शार्को यांनी त्या नावालाच हरकत घेतली. सगळे रुग्ण थरथरत नाहीत आणि पक्षाघातासारखी ताकदही जात नाही, म्हणून त्यांनी पार्किन्सन यांचंच नाव सुचवलं. आपला ‘कंपवात’ मात्र अजून कंपच पुढे करतो.

गैरसमज: हात थरथरतो, म्हणजे कंपवातच.
वस्तुस्थिती: थरथर कधी होते ते पाहा. कप उचलताना, सही करताना दोन्ही हात कापत असतील, घरात आधीही कोणाला तसं होत असेल, तर तो बहुधा ‘इसेन्शियल ट्रेमर’ असतो. कंपवातापेक्षा तो अधिक आढळतो. कंपवाताची थरथर सहसा एका बाजूला सुरू होते आणि हात मांडीवर निवांत असताना दिसते, जणू बोटं गोळी वळताहेत. हात कामाला लागला की ती बरेचदा कमी होते. थायरॉइडचा विकार आणि दम्याची काही औषधं यांमुळेही हात कापतात.

गैरसमज: थरथर नाही, म्हणजे कंपवात नाही.
वस्तुस्थिती: निदानासाठी कंप असायलाच हवा असं नाही, हालचाली मंदावलेल्या मात्र असाव्या लागतात. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी घटल्यामुळे हे होतं. चालताना एकच हात हलत नाही, अक्षर बारीक होत जातं, आवाज बसतो, चेहऱ्यावरचे भाव मावळतात. आखडलेल्या खांद्यावर महिनोन्‌महिने शेक घेऊन मग कंपवात कळल्याची उदाहरणंही आहेत. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणं-हातपाय झाडणं या तक्रारी तर कित्येकदा वर्षानुवर्षं आधी सुरू झालेल्या असतात.

गैरसमज: एमआरआय स्वच्छ आला, आता काळजी नाही.
वस्तुस्थिती: कंपवातात नेहमीचा एमआरआय बहुधा स्वच्छच येतो. तो काढतात ते दुसरं कारण नाही ना, हे पाहण्यासाठी. निदान होतं ते रुग्णाची हकिकत ऐकून आणि तपासून.

गैरसमज: पित्ताच्या, चक्करच्या गोळ्यांचा याच्याशी काय संबंध?
वस्तुस्थिती: मोठा संबंध आहे. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, पित्ताच्या काही गोळ्यांत मिसळलेलं लेव्होसल्पिराइड, चक्करवरचं सिनारिझिन, अर्धशिशीवरचं फ्लुनारिझिन आणि मानसिक आजारांवरची काही औषधं डोपामिनचं काम अडवतात. त्यातून हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं दिसू शकतात. औषध बंद झाल्यावर ती बहुतेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. पण बंद करायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

गैरसमज: लिव्होडोपा ही कंपवातावरची गोळी लवकर घेतली तर पुढे लागू पडत नाही.
वस्तुस्थिती: गोळीची ताकद संपत नाही, आजार पुढे सरकतो आणि एका गोळीचा असर कमी तास टिकू लागतो. त्रास सोसत गोळी लांबवल्याने ते टळत नाही. वेळ पाळणं महत्त्वाचं. डाळ, पनीर, अंडी यांतली प्रथिनं गोळीच्या शोषणाच्या आड येतात, म्हणून ती बरेचदा जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. अचानक बंद करणं मात्र धोक्याचं.

गैरसमज: खाजकुइलीचं चूर्ण नैसर्गिक, त्याचा अपाय नाही.
वस्तुस्थिती: खाजकुइलीच्या, म्हणजे कपिकच्छूच्या, बियांत लिव्होडोपाच असतं. चूर्णात ते किती आहे याचा भरवसा नसतो. गोळीसोबत न सांगता घेतलं तर मात्रा वाढून रक्तदाब उतरू शकतो, अंग आपोआप हेलकावे खाऊ लागतं.

गैरसमज: पडायची भीती आहे, तर बसवून ठेवावं.
वस्तुस्थिती: बसून अंग आणखी आखडतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले तर जमिनीवरच्या पट्टीवरून पाऊल टाकणं, आकडे मोजणं किंवा ताल धरणं उपयोगी पडतं. पुण्यात कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालतात, ते या तालाच्याच आधाराने.

न्यूरोलॉजिस्टकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घ्या, पित्ताच्यासुद्धा. चालण्याचा आणि रात्रीच्या झोपेचा व्हिडिओ मोबाइलवर असू द्या. आणि दहा वर्षांपूर्वीची एखादी हिशोबाची वही सोबत न्या. तेव्हाचं अक्षर आणि आजचं अक्षर शेजारी ठेवलं, तर कपाच्या किणकिणीपेक्षा ते जास्त सांगून जातं.