तीन मिनिटांची द्रौपदी

मुलांनो, परवा चौथीच्या वर्गात मी एक फार जुनं गाणं लावलं. लावलं मोबाइलवरच, पण मूळ ध्वनिमुद्रिका आपल्या पणजोबांच्या काळातली. सुरुवातीलाच खरखर, खरखर! मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मागं पाऊस पडतोय का?" सगळा वर्ग खो खो हसला. मग गाणं सुरू झालं. दुसरा प्रश्न, "ह्या गाणाऱ्या बाई कोण?"

बाई नव्हेतच त्या! ते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. लहानपणी ते काही काळ आपल्या जळगावात होते आणि मेहबूब खाँ यांच्याकडे गाणं शिकले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, ते उगीच नाही.

गाणं होतं 'संगीत द्रौपदी' या नाटकातलं. कृ. प्र. खाडिलकरांचं हे नाटक १९२० साली रंगभूमीवर आलं. 'मानापमान', 'स्वयंवर' तुमच्या आजी-आजोबांना नक्की ठाऊक असतील. 'द्रौपदी'चं नाव मात्र क्वचितच निघतं. मयसभेच्या देखाव्यावर गंधर्व नाटक मंडळीनं पाण्यासारखा पैसा ओतला होता. तबल्याला अहमदजान थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष असे बडे वादक या कंपनीत असत. पद आवडलं की लोक 'वन्समोअर' देत, बालगंधर्व तेच पद पुन्हा नव्या तऱ्हेनं गात, आणि नाटक पहाटेपर्यंत चाले.

त्यातलं आज काय उरलं? देखावे गेले, शालू गेले. उरल्या लाखेच्या काळ्या तबकड्या. मिनिटाला ७८ फेरे आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं! रंगमंचावर मनसोक्त फुलवलेलं पद एवढ्याशा वेळात बसवायचं. म्हणून या गाण्यात उगाच रेंगाळणं नाही. छोटीशी तान येते, लखकन चमकते, की लगेच पुढचा शब्द. मला तर ती लगबगच आवडते.

इटलीतही अशी गाण्यांची नाटकं होत. त्यांना ऑपेरा म्हणतात. १६०८ साली मांतुआ शहरात मोंतेवेर्दी यांचा 'आरियाना' हा ऑपेरा झाला. पुढे त्याचं सगळं संगीत हरवलं, राहिला फक्त नायिकेचा एक विलाप. तोही कागदावर! त्या रात्री तो गाणारीचा आवाज कसा होता, हे आता जगात कुणालाच ऐकता येणार नाही. आपली द्रौपदी मात्र ऐकता येते. खरखरीसकट का होईना!

हे सांगून मी गाणं पुन्हा लावलं. पावसाचं विचारणारा पठ्ठ्या म्हणाला, "बाई, आता पाऊस कमी झाला."

पाऊस तेवढाच होता हो! त्याचा कान गाण्याकडे गेला होता.

तुमच्या घरी माळ्यावर अशी तबकडी सापडली, तर ती दोन्ही हातांनी कडेला धरा. खाचांवर बोट लावू नका. आई-बाबांनो, स्पिरिटनं तर मुळीच पुसू नका, लाख विरघळते. आणि पडू देऊ नका; बशीसारखी फुटते ती.