भांगाचं पाणी

माणच्या आयटी पार्कातली मंडळी शुक्रवारी रात्री निघतात आणि शनिवारी सकाळी पाण्याखालचे मासे पाहायला मालवणच्या जेटीवर उतरतात. सुट्टी कंपनीच्या कॅलेंडरवर ठरलेली असते. समुद्र मात्र तिथीवर चालतो. होडीवरच्या पोरांना हे पक्कं ठाऊक असतं, पण आगाऊ पैसे घेतल्यावर कोण बोलणार?

पुनवेला नि अवसेला उधाण. ओढ जोराची, तळाचा गाळ वर येतो, त्यात कोळंबच्या खाडीचं गढूळ पाणी. अष्टमी उलटली की भांग लागतो, ओढ मंदावते, गाळ बसतो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळची खडपं स्वच्छ दिसू लागतात. आमच्या चमूला एकदा पुनवेच्या दुसऱ्या दिवशी नेलं, तेव्हा रापण ओढत मोठा झालेला एक जुना गाईड मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेबानू, अष्टमीक येवा." मग त्यानं पावाची बाटली कमरेला अडकवली.

गढूळ पाण्यात व्हिडिओ निघावा म्हणून ही बाटली. तळाशी ती दाबली की पट्टेरी सार्जंट मासे पर्यटकाच्या मास्कभोवती झुंडीनं जमतात आणि व्हिडिओ भरगच्च दिसतो. पण हाच मासा विणीच्या दिवसांत खडपावर जांभळट अंड्यांचा थर घालतो आणि नर त्याची राखण करतो. तो पावामागे गेला की अंडी इतर माशांना मोकळी. पोवळ्यांवर चरणारे फुलपाखरू मासे पावाकडे फिरकतही नाहीत. म्हणजे पर्यटकाला खरा रीफ दिसतच नाही. १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालेल्या मालवणच्या पाण्यात हे चालावं, याचा मला राग येतो.

राग गाईडवर नाही. हंगाम पावसाळा सोडून जेमतेम आठ महिने, त्यात बक्षिसी व्हिडिओ पाहून मिळते.

पुढच्या खेपेला आम्ही मधल्या वारी रजा टाकली, नवमी साधली आणि बाटली होडीतच ठेवायला सांगितलं. तोच गाईड खाली सावकाश फिरला. एका कपारीपाशी त्यानं हातानं थांबवलं: समोर अंड्यांचा थर, आणि वीतभरही नसलेला नर आमच्या मास्कवर धावून येत होता. वर आल्यावर गाईडच आमच्यापेक्षा जास्त बोलत होता. अशी जागा दाखवायला त्याला कुणी सांगतच नाही. होडीत चढतानाच सांगा, पाव नको. तो स्वतःहून विचारणार नाही.