विश्लेषण : निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाचा एक शेरा डिसेबिलिटी पेन्शन का अडवतो? जवानांनी काय तपासावे?

सैन्यातून निवृत्त होताना होणारी शेवटची वैद्यकीय तपासणी ही अनेक जवानांना निव्वळ औपचारिकता वाटते. गावी जायची घाई असते, फॉर्म समोर येतो आणि सही होते. मात्र पुढे आयुष्यभर डिसेबिलिटी पेन्शन मिळणार की नाही, हे बहुतांशी याच कागदावर ठरते. जुन्नर तालुक्यातील बेल्ह्यासारख्या गावात परतलेल्या माजी सैनिकाला ही गोष्ट बऱ्याचदा नकाराचे पत्र हातात पडल्यावरच कळते. ही प्रक्रिया नेमकी कशी चालते, शेरा विरोधात गेला तर काय करता येते, याविषयी…

मेडिकल बोर्ड किती प्रकारचे?

मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्या जवानाची तपासणी ‘रिलीज मेडिकल बोर्ड’ करते. आजार किंवा दुखापतीमुळे मुदतीआधीच सेवेतून कमी करायचे असेल, तर ‘इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड’ बसते. निवृत्तीनंतर टक्केवारी पुन्हा तपासायची असल्यास ‘रिसर्व्हे मेडिकल बोर्ड’ आणि निर्णयाविरुद्ध अपील केल्यास ‘अपील मेडिकल बोर्ड’ असते.

सेवेत असताना जवानाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पद्धतीने ठरते. मानसिक स्थिती, श्रवणशक्ती, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाच बाबी त्यात येतात. ‘शेप-1’ म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. यातून श्रेणी खाली आली असेल, तर त्या वेळचा प्रत्येक कागद पुढे पुरावा ठरतो.

बोर्ड नेमके काय ठरवते?

बोर्डाला मुख्यतः दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. पहिला, हा आजार किंवा दुखापत लष्करी सेवेमुळे झाली का, किंवा आधीपासून असलेला आजार सेवेमुळे बळावला का? दुसरा, अपंगत्व किती टक्के?

पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले, तर दुसऱ्याला फारसा अर्थ उरत नाही. ‘सेवेमुळे नाही आणि सेवेने बळावलेलाही नाही’ या शेऱ्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘नाना’ म्हणतात. टक्केवारी 30 असली, तरी या शेऱ्यामुळे दावा फेटाळला जातो. उलट शेरा अनुकूल असला, तरी निवृत्त होणाऱ्या जवानाचे अपंगत्व किमान 20 टक्के असावे लागते.

एकापेक्षा जास्त आजार असतील, तर टक्केवारीची सरळ बेरीज होत नाही. बोर्ड एकत्रित टक्केवारी वेगळी ठरवते.

पैशांत किती फरक पडतो?

100 टक्के अपंगत्वासाठी अपंगत्वाचा भाग शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के धरला जातो आणि त्याखाली तो प्रमाणात कमी होतो. समजा शेवटचे वेतन 40 हजार रुपये आहे. 100 टक्क्यांना महिना 12 हजार, तर 20 टक्क्यांना 2,400 रुपये होतात.

इथे ‘ब्रॉड बँडिंग’ कामाला येते. या पद्धतीत 50 पेक्षा कमी टक्केवारी 50 धरली जाते, 50 ते 75 असेल तर 75 आणि त्यापुढे 100. त्यामुळे वरच्या उदाहरणात 2,400 चे 6 हजार रुपये होतात. आधी हा लाभ सेवेतून मुदतीआधी कमी केलेल्यांपुरता होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये राम अवतार प्रकरणात तो मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केला.

आजार सेवेमुळे झाला, हे सिद्ध कुणी करायचे?

या प्रश्नावर सर्वात महत्त्वाचा निकाल धरमवीर सिंग प्रकरणाचा आहे. सिग्नल्स कोअरमधील हा जवान 1985 मध्ये भरती झाला आणि फिट्सच्या आजारामुळे 1994 मध्ये त्याला सेवेतून कमी करण्यात आले. अपंगत्व 20 टक्के होते, पण आजाराचा सेवेशी संबंध नाही, असे बोर्डाने लिहिले होते.

सर्वोच्च न्यायालयाने 2 जुलै 2013 रोजी निकाल जवानाच्या बाजूने दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असे गृहीत धरायचे. संबंध नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची आणि बोर्डाने त्याची कारणे लिहायलाच हवीत, असे न्यायालयाने म्हटले. मे 2025 मध्ये राजुमॉन टी. एम. प्रकरणातही कारणांविना दिलेल्या वैद्यकीय मतावर न्यायालयाने बोट ठेवले.

मात्र हा लाभ आपोआप मिळत नाही. 2019 मधील नरसिंग यादव प्रकरणात स्किझोफ्रेनियाचा दावा न्यायालयाने मान्य केला नाही. भरतीच्या तपासणीत असा आजार लक्षात येईलच असे नाही, हा मुद्दा तिथे ग्राह्य धरला गेला. सुटीवरील अपघातातही सेवेशी संबंध दाखवावा लागतो.

शिवाय 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू आहेत. ते त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांसाठी आहेत. त्यामुळे आपली निवृत्तीची तारीख आधी पाहावी.

तपासणीला जाताना काय काळजी घ्यावी?

– बोर्डाच्या फॉर्ममध्ये जवानाचे स्वतःचे निवेदन असते. आजार कधी, कुठे सुरू झाला आणि तेव्हा पोस्टिंग कुठे होते, हे तारखांसह लिहावे. वाचल्याशिवाय सही करू नये.
– दुखापत असेल, तर इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीची प्रत जवळ ठेवावी.
– लष्करी रुग्णालयातील डिस्चार्ज कार्ड आणि श्रेणी बदलल्याचे कागद तारखेच्या क्रमाने लावावेत.
– त्रास वाढवून सांगू नये आणि लपवूही नये. ‘सगळं ठीक आहे साहेब’ हे सवयीचे उत्तर कागदावर उतरले, की नंतर खोडणे अवघड जाते.
– बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागून घ्यावी. न मिळाल्यास माहिती अधिकारात अर्ज करता येतो.

दावा फेटाळला तर पुढे काय?

नकाराच्या पत्रानंतर सहा महिन्यांत पहिले अपील करावे लागते. तेही फेटाळले गेले, तर दुसरे अपील. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा मार्ग आहे. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे.

अपिलात ‘अन्याय झाला’ एवढेच लिहून भागत नाही. भरतीच्या वेळी आजाराची नोंद होती का, बोर्डाने कारण दिले का, आजार सुरू झाला तेव्हा ड्युटी कोणती होती, या तीन मुद्द्यांवर भर द्यावा.

उशिराचाही फटका बसतो. 2008 च्या तरसेम सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने उशिरा आलेल्या दाव्याची थकबाकी याचिकेआधीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित केली होती.

बेल्हे परिसरातील माजी सैनिकांनी कुठे जावे?

पहिला टप्पा पुण्यातील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. अर्ज आणि अपील कसे करायचे, याचे मार्गदर्शन तिथे मिळते. जुने सेवा कागद मात्र रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असतात. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी ते बेळगावला, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकीला, तर तोफखान्यासाठी नाशिकला आहे. पेन्शनचा तपशील ‘स्पर्श’ पोर्टलवर पाहता येतो.

पुणे जिल्ह्यात वानवडीचे कमांड हॉस्पिटल आणि खडकीचे मिलिटरी हॉस्पिटल ही मोठी लष्करी रुग्णालये आहेत. बेल्ह्याहून आळेफाटामार्गे पुणे सुमारे शंभर किलोमीटर. एक कागद राहिला, की हेलपाटा ठरलेलाच. म्हणून निघण्यापूर्वी डिस्चार्ज बुक, पीपीओ, नकाराचे पत्र आणि बोर्डाची प्रत यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत आणि मूळ कागद कुणाच्याही हाती सोपवू नयेत. नकाराच्या पत्रावरची तारीख सर्वात आधी तपासावी, कारण सहा महिन्यांची मुदत पाळायची ती त्याच पत्राच्या आधारे.