गोल्फमधील पटिंग : आत्मविश्वास आणि एकाग्रता

पटिंग हा गोल्फ या खेळातील प्रत्येक होलचा अखेरचा टप्पा होय. होलभोवतीच्या, गवत अत्यंत बारीक कापलेल्या भागास ग्रीन म्हणतात. तेथे पोहोचलेला चेंडू पटर नावाच्या काठीने हलकेच ढकलून, जमिनीलगत घरंगळत होलमध्ये घालावयाचा असतो. होलचा व्यास १०८ मिमी, तर चेंडूचा किमान व्यास ४२.६७ मिमी असतो. पार ठरवताना प्रत्येक होलसाठी दोन पट गृहीत धरतात. त्यामुळे ७२ पारच्या मैदानावर ३६ फटके, म्हणजे निम्मे, पटिंगच्या नावावर मांडलेले असतात. या फटक्यास शारीरिक बळ जवळजवळ लागत नाही. म्हणूनच तो हुकला की खेळाडू दोष मनाला देतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते.

अनिर्बन लाहिरी

महाराष्ट्राशी संबंधित सर्वांत बोलके उदाहरण पुण्यात १९८७ साली जन्मलेल्या अनिर्बन लाहिरीचे आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये पीजीए चॅम्पियनशिप या प्रमुख स्पर्धेत तो संयुक्त पाचवा आला. त्यानंतर दोनच महिन्यांनी दक्षिण कोरियातील इंचॉन येथे प्रेसिडेंट्स चषकात तो क्रिस कर्कविरुद्ध एकेरी सामना खेळत होता. अठराव्या होलवर कर्कने सुमारे १५ फुटांवरून चेंडू होलमध्ये घातला. लाहिरीचा पट जेमतेम चार फुटांचा होता. तो हुकला आणि सामना गेला. अमेरिकेने तो चषक १५.५ विरुद्ध १४.५ अशा एका गुणाच्या फरकाने जिंकला. जुलै २०२४ मध्ये स्पेनमधील वाल्देरामा येथेही अखेरच्या होलवर जवळचा पट हुकल्याने त्याचा विजय निसटला, आणि प्लेऑफमध्ये सर्जिओ गार्सियाने बाजी मारली. या दोन्हींच्या मध्ये, मार्च २०२२ मध्ये, प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये तो केवळ एका फटक्याने मागे राहून उपविजेता ठरला होता. तेव्हा एका हुकलेल्या पटवरून खेळाडूचे मन दुबळे ठरवणे उतावळेपणाचे होय. लाहिरी विपश्यना ध्यानाचा साधक म्हणूनही ओळखला जातो. ध्यानाने पट हुकणे थांबत नाही; हुकल्यानंतर पुन्हा उभे राहण्यास त्याचा उपयोग होत असावा, असे त्याच्या कारकिर्दीवरून म्हणता येते.

अपेक्षा आणि वास्तव

अमेरिकेच्या पीजीए टूरवरील व्यावसायिक खेळाडूंचे आठ फुटांवरील पट साधारणतः निम्मेच यशस्वी होतात. हौशी खेळाडूस हे ठाऊक नसते. आठ फुटांवरून हुकताच तो हळहळतो, पुढच्या पटला पकड घट्ट करतो आणि तोही घालवतो. तीन फुटांवर मात्र व्यावसायिक क्वचितच चुकतात. तेथील चूक म्हणूनच अधिक झोंबते. जवळच्या पटच्या वेळी मनगटास अनैच्छिक हिसका बसण्याच्या विकारास यिप्स म्हणतात. जर्मनीचा बर्नहार्ड लँगर या विकाराशी अनेकदा झुंजला आणि तरीही त्याने दोनदा मास्टर्स स्पर्धा जिंकली.

लक्ष कोठे असावे

एक आहे अग्र ज्याचे ते एकाग्र, अशी या शब्दाची फोड आहे. पोपटाचा फक्त डोळा पाहणाऱ्या अर्जुनाची कथा मराठी वाचकास सांगावयास नको. कॅनडातील संशोधिका जोन विकर्स यांनी १९९२ साली गोल्फपटूंच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुशल खेळाडूची नजर फटक्यापूर्वी आणि फटका बसेपर्यंत चेंडूवर अधिक काळ स्थिर राहते, नवख्याची भिरभिरते, असे त्यात आढळले. या स्थिर दृष्टीस शांत नजर असे म्हणता येईल. त्याच वर्षी रिच मास्टर्स यांनी दाखवले की, हालचालीचे नियम पाठ करून पटिंग शिकलेल्यांचा खेळ दडपणाखाली अधिक ढासळतो. कोपर कोठे, मनगट कसे, हा विचार सरावात उपयोगी, ऐन सामन्यात घातक. त्या वेळी चेंडूची वाट आणि वेग एवढेच मनात असावे.

सराव

स्वतः मिळवलेले यश हाच आत्मविश्वासाचा सर्वांत भक्कम आधार असतो, असे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले. त्यानुसार सरावाचा आरंभ दोन फुटांवरून करावा आणि सलग काही पट साधल्यावरच अंतर वाढवावे. प्रत्येक पटपूर्वीचा क्रम ठरलेला असावा : मागे उभे राहून उतार पाहणे, एक-दोन मोकळे झोके, एक सावकाश श्वास, मग फटका. सामना महत्त्वाचा असला तरी या क्रमात भर घालू नये.

मानकोली हे भिवंडी तालुक्यातील गाव गोदामांसाठी प्रसिद्ध आहे, ग्रीनसाठी नव्हे. तेथील खेळाडूस मैदानासाठी चेंबूर किंवा खारघर गाठावे लागते. मात्र सपाट फरशीवर घट्ट विणीची सतरंजी अंथरून, टोकाला फुलपात्र आडवे ठेवून घरीही सराव करता येतो. फुलपात्राचे तोंड होलपेक्षा लहान असल्याने नंतर खरा होल प्रशस्त वाटतो. सतरंजीवर उताराचा अंदाज मात्र शिकता येत नाही; आणि पावसाळ्यात ओल्या ग्रीनवर चेंडू किती जड चालतो, हे तर मैदानावरच कळते.