सार्वजनिक सभागृहाचा आराखडा आणि लोकसहभाग : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

सभागृह, सांस्कृतिक भवन किंवा परिषद केंद्र उभारण्याचा निर्णय नगरपरिषद घेते, तेव्हा गावाने कोठे व कसे जमावे हे पुढील अनेक दशकांसाठी ठरून जाते. अशा वास्तूचा खर्च सार्वजनिक निधीतून होतो. मात्र तिचा आराखडा बहुधा वास्तुविशारद, अभियंता आणि पदाधिकारी यांच्यातच निश्चित होतो. नागरिकांना तो दिसतो भूमिपूजनाच्या फलकावर. प्रस्तुत लेखात लोकसहभागाची संकल्पना, तिचा कायदेशीर आधार, योग्य टप्पा, कार्यपद्धती आणि मर्यादा यांचे महाड व पोलादपूर तालुक्यांच्या संदर्भात विवेचन केले आहे.

संकल्पना :

अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरी सहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या २ पायऱ्यांवर सहभागाचा केवळ देखावा असतो. मधल्या ३ पायऱ्यांवर माहिती दिली जाते, मत विचारले जाते, समजूतही काढली जाते; निर्णयाचा अधिकार मात्र सत्ताधाऱ्यांकडेच राहतो. वरच्या ३ पायऱ्यांवर नागरिकांना निर्णयात प्रत्यक्ष वाटा मिळतो. सूचना पेटी ठेवणे आणि सूचनेमुळे नकाशा बदलणे यांतील अंतर या मांडणीतून स्पष्ट होते.

कायदेशीर आधार :

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करून त्यावर हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि त्यांची सुनावणी घ्यावी लागते. या सुनावणीत भूखंडाच्या आरक्षणाचा विचार होतो. त्या भूखंडावरील इमारतीला दारे किती असावीत, याचा होत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, परंतु ३ लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरांसाठी. महाडसारखी लहान नगरे या तरतुदीबाहेर राहतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ मात्र येथेही उपयोगी पडते. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करावीत, असे हे कलम सांगते.

महाडचा ऐतिहासिक संदर्भ :

सार्वजनिक जागा कोणाची, हा प्रश्न महाडला नवा नाही. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे व संस्था अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात संमत झाला. त्यास अनुसरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोकांनी तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा त्याला प्रथम अर्थ प्राप्त झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमधील परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरील हक्क मान्य केला.

या इतिहासातून आजच्या विषयासाठी दोन निष्कर्ष निघतात. जागा सार्वजनिक असल्याचे कागदावर लिहिल्याने ती सर्वांची होत नाही. ती वापरणे सर्वांना शक्य व्हावे लागते. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. स्थानिक बहुमत मिळालेला हक्क काढूनही घेऊ शकते. म्हणून सभागृह कसे असावे, हा लोकमताचा विषय होऊ शकतो. तेथे कोणाला प्रवेश असावा, हा होऊ शकत नाही.

योग्य टप्पा :

शासकीय बांधकामास प्रथम प्रशासकीय मान्यता मिळते, नंतर सविस्तर अंदाजपत्रकास तांत्रिक मान्यता, त्यानंतर निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. कार्यारंभ आदेशानंतर एक जिना हलवायचा तरी सुधारित अंदाजपत्रक करावे लागते. त्यामुळे जागेची निवड व गरजांची यादी यांवरील मते प्रशासकीय मान्यतेपूर्वी आणि नकाशावरील मते तांत्रिक मान्यतेपूर्वी घेणे आवश्यक ठरते. दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९७२ मध्ये राज रेवाल यांच्या आराखड्यानुसार हॉल ऑफ नेशन्स उभे राहिले होते. नव्या परिषद केंद्राच्या प्रकल्पासाठी ते पाडू नये, असा आग्रह देशविदेशातील वास्तुविशारदांनी धरला. तरीही एप्रिल २०१७ मध्ये ते पाडण्यात आले. प्रकल्पाची रूपरेषा ठरल्यानंतर आलेल्या मताचे वजन किती कमी असते, हे यावरून दिसते.

स्थानिक ज्ञानाचे मोल :

महाड शहर सावित्री व गांधारी या नद्यांच्या काठी वसले आहे. जुलै २०२१ च्या महापुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्याच पावसात महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी व केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले. अशा प्रदेशात मोठे सभागृह हे संकटकाळी निवाऱ्याचे ठिकाणही होऊ शकते. तेव्हा जोते किती उंच घ्यावे, कोणत्या गल्लीतून पाणी प्रथम शिरते, कोणता रस्ता शेवटपर्यंत चालू राहतो, याचे उत्तर पूररेषेच्या नकाशाइतकेच बाजारपेठेतील दुकानदाराकडे व नदीकाठच्या रहिवाशाकडेही असते. चवदार तळ्यावर २० मार्चला आणि रायगडावर शिवराज्याभिषेकदिनी येणाऱ्या जनसमुदायाला पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे व सावली यांची गरज भासते, हेही आराखड्यात यावयास हवे.

कार्यपद्धती :

एकच जाहीर सभा बोलावल्यास बोलण्याची सवय असलेलेच बोलतात. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतील स्त्रिया, धनगरवाड्यांवरील कुटुंबे, औद्योगिक वसाहतीतील पाळीचे कामगार यांना ती वेळ सोयीची नसते. म्हणून बैठका वाडीवस्तीवर, आठवडा बाजारी आणि शेवटच्या एस.टी.चे भान ठेवून घ्याव्यात. स्त्रियांची बैठक स्वतंत्र असावी. मुंबईतील चाकरमानी शिमग्याला व गणपतीला गावी असतात. त्या दिवसांचाही उपयोग करावा.

नकाशा वाचता येणे हे एक कौशल्य आहे आणि ते सर्वांजवळ नसते. प्रतिकृती ठेवणे किंवा मोकळ्या मैदानावर फक्कीने प्रत्यक्ष मापाची आखणी करून लोकांना तिच्यातून चालावयास लावणे हा त्यावरील साधा उपाय होय. दार अरुंद आहे किंवा स्वयंपाकाची जागा अपुरी आहे, हे लग्नकार्ये पार पाडलेली गृहिणी तेथे उभी राहून सहज सांगू शकते.

आलेल्या प्रत्येक सूचनेची नोंद करून तिच्यापुढे ‘स्वीकारली’, ‘अंशतः स्वीकारली’ किंवा ‘नाकारली’ असा शेरा आणि त्याचे कारण लिहावे. हा तक्ता नगरपरिषदेच्या व ग्रामपंचायतींच्या सूचना फलकावर लावावा. पुणे महानगरपालिकेने २००६ मध्ये नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याचा उपक्रम सुरू केला. असे उपक्रम टिकतात ते सूचनेचे पुढे काय झाले हे लोकांना कळते तेव्हाच.

मर्यादा :

इमारतीची मजबुती व अग्निसुरक्षा या बाबी मतदानाने ठरत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सुगम्यता बंधनकारक आहे. उतरता मार्ग हवा की नको, असा प्रश्न विचारण्यास वाव नाही. परस्परविरोधी मागण्यांतून निवड शेवटी लोकप्रतिनिधींनाच करावी लागते. लोकसहभागाने ही जबाबदारी संपत नाही. ती उघडपणे पार पाडावी लागते.

समारोप :

सभागृहाच्या आराखड्यातील लोकसहभाग चार कसोट्यांवर तपासता येतो. मत वेळेवर विचारले गेले काय, जे सहसा येत नाहीत त्यांच्यापर्यंत पोहोचले गेले काय, प्रत्येक सूचनेला सकारण उत्तर मिळाले काय, आणि समान प्रवेशाचा हक्क चर्चेपलीकडे राखला गेला काय? महाड-पोलादपूर परिसरातील महाविद्यालयांचे भूगोल, समाजशास्त्र व राज्यशास्त्र विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी वाडीनिहाय बैठका, पूरखुणांची नोंद व सूचनांचा तक्ता ही कामे हाती घेऊ शकतात. महाडमधील १९२४ चा ठराव लोक तळ्यावर गेले तेव्हाच खरा ठरला. नव्या वास्तूच्या बाबतीत लोकांना इतका उशीर सोसावा लागू नये, यासाठी त्यांना नकाशा कोरा असतानाच बोलावणे इष्ट ठरेल.